सेल्फ लागत नव्हता, बॅटरी सीडीआय मोटर सगळं बदललं आणि बिघाड निघाला एका वायरीत

जुनी गाडी असणाऱ्यांनी हे नक्की वाचा, कारण माझ्यासोबत जे झालं ते अजून कोणासोबत होऊ नये असं मनापासून वाटतं.

गाडी वडिलांनी घेतलेली, किक आणि सेल्फ दोन्ही असलेली. मध्येच सेल्फने त्रास द्यायला सुरुवात केली. बटण दाबलं की कधी लगेच चालू, कधी नुसता एक टक आवाज आणि पुढे काहीच नाही. पण किक मारली की पहिल्या दुसऱ्या किकमध्ये चालू व्हायची, हे लक्षात ठेवा, माझ्या तेव्हा लक्षात आलं नाही.

ज्या गॅरेजवाल्याकडे नेली त्याने मीटर वगैरे काही लावलं नाही, बटण दाबलं, टक ऐकलं आणि म्हणाला बॅटरी गेली. बदलली. चार दिवस चांगलं चाललं, परत टक. मग म्हणाला सीडीआय (प्लगला स्पार्क देणारा छोटा डबा) वीक आहे, जुन्या गाड्यांचे जातातच. तोपण बदलला. जुना सीडीआय मागितला तर म्हणे भंगारात टाकला. आता तो खरंच बदलला होता की नाही हे मला कधीच कळणार नाही.

अरे पण किकवर गाडी मस्त चालू होतेय म्हणजे प्लगला स्पार्क मिळतोय, मग सीडीआयचा संबंधच काय? सीडीआय स्पार्क देतो, मोटर फिरवत नाही. मोटर फिरते ती बॅटरी, रिले (बटण दाबल्यावर टक करून मोटरला करंट सोडणारा स्विच), जाड वायरी आणि अर्थ (बॅटरीच्या मायनसची इंजिनला असलेली जोडणी) यांच्यावर. एवढं साधं मला माहीत नव्हतं आणि त्याला ते नक्की माहीत होतं.

तिसऱ्या वेळी म्हणाला सेल्फ मोटर जळाली, नवीन टाकावी लागेल. संध्याकाळी चकाचक सिल्व्हर मोटर लावून गाडी दिली आणि सेल्फ एका बटणात! मी खूश होऊन पैसे देऊन आलो. आठवड्याभरात परत तेच.

मग मी एक साधा मल्टिमीटर आणला आणि वाचून वाचून स्वतः बसलो. गाडी बंद असताना बॅटरी १२.६ व्होल्ट, म्हणजे फुल. न्यूट्रलमध्ये बटण दाबून ठेवलं तरी १२.२ च्या खाली जाईना, हेडलाइटपण मंद होत नव्हता. बॅटरी खराब असती तर बटण दाबल्यावर व्होल्टेज धाडकन पडलं असतं, ९.६ च्या खाली गेलं की बॅटरी संशयास्पद धरतात. इथे पडतच नव्हतं म्हणजे मोटरपर्यंत पुरेसा करंटच जात नव्हता. मग मीटरची एक पिन बॅटरीच्या मायनसच्या टोकावर आणि दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर धरून बटण दाबलं. चांगली अर्थ असेल तर ०.२-०.३ व्होल्ट दिसायला हवेत, मला ८ च्या वर दिसले! आमच्या गाडीत बॅटरीच्या मायनसची जाड काळी वायर मोटरच्याच बोल्टखाली कसलेली आहे, तो बोल्ट खोलला तर वायरीच्या टोकाचं थिंबल हिरवट पांढरं पडलेलं आणि खाली गंज. पॉलिश पेपरने घासलं, बोल्ट घट्ट केला, वरून पेट्रोलियम जेली लावली, बस. (जाड वायरींना हात लावण्याआधी बॅटरीचा मायनस काढा आणि शेवटी लावा, पाना प्लसवरून फ्रेमला लागला तर ठिणग्या उडतात.)

आता कळलं दर वेळी चार आठ दिवस गाडी का चालायची. बॅटरी बदलताना ती वायर हलायची, मोटर काढताना तो बोल्ट परत कसला जायचा.

बोल्ट खोललाच होता म्हणून मोटरपण बाहेर काढली आणि तिथे खरा धक्का बसला. सिल्व्हर रंगाखाली मोटरच्या बोल्ट बसतो त्या कानाचा एक कोपरा तुटलेला, आमच्या जुन्या मोटरचा तोच कोपरा तुटलेला होता, गाडी साफ करताना काढलेल्या एका जुन्या फोटोत स्पष्ट दिसतोय. आत कार्बन (मोटरच्या आत घासणारे ब्रश) झिजलेले, काळी पावडर भरलेली. म्हणजे माझीच मोटर रंगवून मला नवीन म्हणून विकली. बॅटरी सीडीआयचं एकवेळ समजू शकतो, निदान चुकू शकतं, पण रंग मारायला ब्रश हातात घेतला तेव्हा चूक होत नव्हती, ठरवून केलेलं होतं.

त्यामुळे टक ऐकलं की आधी बॅटरीचे दोन्ही टर्मिनल बघा, मग वर सांगितलेलं मीटरचं माप घ्या. अजिबात आवाज नसेल तर किल स्विच (हँडलवरचं इंजिन बंद करायचं बटण), फ्यूज, साइड स्टँड आणि क्लच स्विचपण बघा. टकटकटकटक असा भराभर आवाज आला तर बहुतेक बॅटरी उतरलीय, आणि गाडी चालू करून रेस केल्यावर बॅटरीवर साधारण १३.५ ते १४.५ येत नसेल तर चार्जिंगचा घोळ आहे, नवीन बॅटरीपण उतरणार. जुना पार्ट काढायच्या आधी त्याचा फोटो काढा, त्यावर मार्करने खूण करा आणि तो परत मिळेल का हे आधीच विचारून ठेवा.

फोटो घेऊन मी त्याच्याकडे गेलो होतो. म्हणाला गाडी जुनी आहे, आज ना उद्या जाणारच होती. बिल काढून बघितलं तर त्यावर नुसतं इलेक्ट्रिकल काम एवढंच लिहिलेलं, मोटरचा उल्लेखच नाही, त्यामुळे पुढे काही करता आलं नाही. त्याच मोटरला मी नवीन कार्बन टाकलेत आणि सध्या सेल्फ रोज पहिल्या बटणात लागतोय.