डिलिरियम की डिमेन्शिया? आधी विचारा, हे कधीपासून?

तासगावची आजी परवापर्यंत पोथी वाचत होती. आज सुनेला ओळखत नाही, रात्रभर चादर ओढते. म्हातारचळ समजून घरी ठेवू नका. तासा-दिवसांत आलेला, सकाळी बरा आणि संध्याकाळी वाढणारा गोंधळ बहुधा डिलिरियम असतो. लक्षच टिकत नाही; वार उलटे म्हणायला सांगितले तर मध्येच हरवतात. मूळ शरीरात असतं: लघवीचा संसर्ग, न्यूमोनिया, कमी झालेलं सोडियम, तुंबलेली लघवी, झोपेची किंवा सर्दीची गोळी. त्याच दिवशी सांगली-मिरजेला दाखवा, चालू गोळ्या सगळ्या सोबत न्या. नुसता गप्प पडून राहणारा रुग्णही यातलाच असू शकतो. तो त्रास देत नाही म्हणून निसटतो, आणि मला त्याचीच जास्त काळजी वाटते.

डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश, महिन्या-वर्षांत वाढतो. हिशेब चुकतो, तोच प्रश्न पुन्हा येतो, पण सुरुवातीला माणूस सावध असतो. बहुतेकदा तो बरा होत नाही; तरी बी-१२ आणि थायरॉइड तपासून घ्याच.

डिमेन्शिया असलेल्यांना डिलिरियम लवकर गाठतो. त्यामुळे एकाएकी बिघडलं की "ते विसरतातच" म्हणून थांबू नका.

दवाखान्यात हात बांधण्याऐवजी चष्मा, कानाचं यंत्र, दिवसा उजेड आणि सोबतीला घरचं माणूस द्या.