'इन', 'ऑन', 'टू'चं कोरियन: इंग्रजीतून शिकावं की मराठीतून?

कोरियन शिकायचं म्हटलं की पुस्तकं, व्हिडिओ, ॲप बहुतेक इंग्रजीतूनच मिळतात. मग वहीत एका रकान्यात 'टू', 'बाय', 'ॲट' आणि समोर कोरियन प्रत्यय, अशी यादी होते. माझीही झाली होती. नंतर मी इंग्रजी रकाना खोडून तिथे मराठी लिहिलं आणि निम्मा गोंधळ तिथेच संपला.

'बसने जाते', 'चमच्याने खाते'. इंग्रजीत एकीकडे 'बाय', दुसरीकडे 'विथ'. कोरियनमध्ये दोन्हीकडे 'रो': पॉसु-रो, सुत्काराग-उरो. आपल्या 'ने'सारखाच नामाला मागून चिकटतो. शिवाय चमचा–चमच्याने असं सामान्यरूप करायची भानगड नाही; नाम तसंच राहतं आणि ते व्यंजनावर संपलं तर प्रत्ययच 'उरो' होतो ('ल'वर संपलं तर मात्र 'रो'च).

'पर्यंत'चंही तेच. 'पाचपर्यंत थांब' आणि 'पाचपर्यंत ये' यांना इंग्रजीत दोन वेगळे शब्द लागतात. कोरियनमध्ये 'क्काजी' एवढं पुरतं.

मला सगळ्यात आवडलेली जागा आदराची. आपण मैत्रिणीला देतो, पण आजींना देतो. कोरियन बोलताना मैत्रिणीसाठी 'हान्थे', आजींसाठी 'क्के': हालमॉनी-क्के. क्रियापदही बदलतं, 'चुदा'चं 'तुरिदा' होतं. इंग्रजीच्या 'टू'मध्ये हे कुठून दिसणार?

वेळेच्या बाबतीत इंग्रजी आणि मराठी दोन्ही उगाच पसारा घालतात. सोमवारी, तीन वाजता, मार्चमध्ये: तिन्हीला कोरियन 'ए' लावतात. आज-उद्याला काहीच नाही.

आता मराठी कुठे दगा देते ते. 'शाळेत जातो', 'शाळेत आहे', 'शाळेत शिकतो'. पहिल्या दोन्हींना कोरियनमध्येही एकच 'ए', म्हणजे 'टू' आणि 'ॲट'च्या फरकात अडकणाऱ्यापेक्षा आपण पुढे. पण तिसऱ्यात काहीतरी केलं जातंय, म्हणून तिथे 'एसॉ' हवा. हा भेद ना मराठीत आहे ना इंग्रजीत. इथे भाषांतर बंद करून क्रियापदाकडे बघायचं.

'वर'ही फसवा. टेबलावर म्हणजे छेकसांग वी-ए. 'वी' हे वरची बाजू असं नामच आहे. पण भिंतीवरच्या चित्राला 'वी' लावलं तर ते भिंतीच्या माथ्यावर जाऊन बसतं. नुसतं प्यॉग-ए म्हणायचं. 'ऑन'वाले इथे आपल्याइतकेच फसतात.

तेव्हा मुख्य रकाना मराठीचा ठेवा आणि 'ए'–'एसॉ'ची पूर्ण वाक्यं पाठ करा. एक सवलत आहे: 'राहणे' या क्रियापदाला दोन्ही चालतात. सॉउल-ए सारायो म्हणा की सॉउल-एसॉ सारायो. आपण नाही का, कधी मुंबईला राहतो आणि कधी मुंबईत.