कामावरच्या अपघाताची भरपाई काढणारा कॅल्क्युलेटर वापरला, 5 पैकी अडीच स्टार

नाव मुद्दाम देत नाही, कारण असले कॅल्क्युलेटर पायलीला पन्नास झालेत आणि बहुतेकांची तऱ्हा सारखीच. मोबाईलवर उघडतो, पगार, वय, दुखापत टाकायची आणि खाली आकडा येतो. आमच्या मेहुण्यासाठी वापरला. भोसरीत पॉवर प्रेसवर कामाला आहे, 2024 मध्ये उजव्या हाताची तर्जनी गेली. वर्कशॉपमध्ये सात माणसं म्हणून ईएसआय (सरकारी कामगार विमा) नाही, मालकाने डब्ल्यूसी पॉलिसी (कामावरच्या अपघाताची भरपाई देणारा विमा) काढलेली, म्हणजे हिशोब सगळा 1923 च्या कर्मचारी भरपाई कायद्याने.

आधी चांगलं सांगतो. गुणाकार चोख आहे. काही साइट अजून पगाराची मर्यादा 8,000 धरून बसल्यात, याने 15,000 धरली. ती 3 जानेवारी 2020 पासून आहे, म्हणजे पगार 22 हजार असला तरी हिशोब 15 वरच होणार. वयाचा गुणक पण बरोबर, 30 वर्षाला 207.98. हा आकडा कायद्याच्या तक्त्यात छापलेला असतो, वय वाढेल तसा कमी होतो, 40 ला 184.17, 50 ला 153.09. वय अपघाताच्या आधीच्या वाढदिवसाला पूर्ण झालेलं धरायचं, आजचं नाही, केस रेंगाळली की यात गफलत होते पण इथे अपघाताची तारीख विचारतात म्हणून तो एक मार्क दिला.

आता मेन गोष्ट. पगाराच्या 60 टक्के गुणिले गुणक ही झाली कायमच्या पूर्ण अपंगत्वाची रक्कम (मृत्यू असेल तर 50 टक्के), आणि एखादा अवयव गेला तर त्यातले तक्त्यात दिलेले टक्के. अख्खी तर्जनी 14 टक्के, एकच पेर गेलं तर 9, अंगठा 30. हे ऍपला सगळं येतं. पण पगार म्हणजे काय हे विचारायच्या जागी नुसतं "बेसिक" लिहिलंय! मेहुण्याचा बेसिक 8,500 आणि भत्ते धरून 14,000, कायद्यात भत्ते धरायचे असतात, प्रवासभत्ता आणि मालकाचा पीएफचा हिस्सा असल्या थोड्या गोष्टी सोडून. त्याच्या हातात पडणाऱ्यात प्रवासभत्ता नव्हताच, म्हणून 14,000.

आणि दुसरी गंमत टक्क्यांची. पहिल्या ऑपरेशनला डॉक्टरांनी एकच पेर काढलं होतं, मग पू झाला, दुसऱ्या वेळी मुळापासून बोट काढावं लागलं. मालकाच्या अकाउंटंटने हाताला लागलं ते पहिलं डिस्चार्ज कार्ड उचललं, याच ऍपमध्ये बेसिक आणि एक पेर टाकलं आणि प्रिंट काढून समोर ठेवली, 95,463 रुपये. आम्ही त्याच ऍपमध्ये 14,000 आणि अख्खं बोट टाकलं तर 2,44,584. बोट तेच, माणूस तोच, ऍप तेच बघा. गुणाकार दोन्हीकडे एकदम करेक्ट. छापील कागद बघितला की आपला माणूस सही करून मोकळा होतो, हा खरा धोका आहे.

तात्पुरत्या रजेच्या हिशोबात तर चक्क चूक आहे. कायद्यात पगाराच्या 25 टक्के दर पंधरवड्याला द्यायचे असतात, म्हणजे महिन्याला 50 टक्के. ऍप महिन्याला 25 दाखवतं! पहिले तीन दिवस धरत नाहीत, पण रजा 28 दिवस किंवा जास्त झाली तर पहिल्या दिवसापासून मिळतं, ते तर कुठेच नाही. दवाखान्याचं बिल वेगळं मालकाने भरायचं असतं, भरपाईतून वळतं करायचं नाही, तेही नाही. महिनाभरात पैसे दिले नाहीत तर 12 टक्के व्याज लागतं, वर विनाकारण टाळाटाळ असेल तर 50 टक्क्यांपर्यंत दंड, आणि हा दंड विमा कंपनीवर पडत नाही, मालकाच्याच खिशातून जातो. कायद्यातली ही दंडाची ओळ अकाउंटंटला वाचून दाखवल्यावर चहा आला हो.

अजून एक, तक्त्याबाहेरची दुखापत असेल, कंबर किंवा मनगट वगैरे, तर ऍप बघूच नका. तिथे अपंगत्व किती यापेक्षा कमाई करायची ताकद किती गेली ते बघतात आणि ते डॉक्टर ठरवतो. तक्त्यातल्या अवयवाचंही कधी असंच होतं, 1975 च्या एका निकालात सुताराचा डावा हात कोपराच्या वरून गेला होता, सुप्रीम कोर्टाने 100 टक्के धरलं, कारण एका हाताने सुतारकाम होत नाही. ड्रॉपडाऊनमध्ये असलं काही बसत नाही.

21 नोव्हेंबर 2025 पासून नवीन सामाजिक सुरक्षा संहिता आलीये, 50 आणि 60 टक्क्यांचं सूत्र तेच आहे, पण कामावर जाता-येतानाचा अपघात आता स्पष्ट लिहून आत घेतलाय (कामाशी संबंध दाखवावा लागतो). ऍपवर याचा पत्ता नाही. आमचा अपघात त्याआधीचा म्हणून आम्हाला जुनाच कायदा.

वापरायचं असेल तर वापरा, फुकट आहे, पण आधी पगाराच्या स्लिपा आणि शेवटच्या ऑपरेशनचे कागद समोर घेऊन बसा. पीडीएफ मात्र डाउनलोड करू नका, त्याला मोबाईल नंबर मागतात आणि दुसऱ्या दिवसापासून "सर तुमचा क्लेम आम्ही करून देतो, फक्त वीस टक्के" असे फोन सुरू. एक अख्खा स्टार तिथेच कापला.