लष्करी शिलकीच्या दारूचा आठ पौंडी डबा: दोन हंगामांनंतर

दोन वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये मी डब्ल्यूसी ८४६ या सरप्लस दारूचा आठ पौंडांचा डबा मागवला. बंदुकीची दारू, लष्करी जातीची, ७.६२ नाटो काडतुसांत वापरतात ती. शिलकी काडतुसं मोडून आतली दारू वेगळी काढतात आणि डब्यात भरून विकतात. हरणांचे दोन हंगाम मी हीच दारू वापरली, म्हणून आता तिच्याबद्दल लिहायला बसलो आहे.

मी अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये बाराबूजवळ राहतो. माझ्याकडे .३०८ विंचेस्टरची बोल्ट रायफल आहे आणि माझी काडतुसं मी स्वतः भरतो. उडालेल्या काडतुसाचं पितळ फेकायचं नाही. ते साफ करून प्रेसवर पुन्हा मापात आणायचं, नवा प्रायमर, म्हणजे दारू पेटवणारी टोपी, बसवायचा, मोजून दारू घालायची आणि वर गोळी दाबायची. २०२० नंतर दोनेक वर्षं इथल्या दुकानांत काडतुसांची आणि प्रायमरची फळ्या रिकाम्या पडतील इतकी टंचाई होती. तेव्हापासून आमच्या भागात बरेच जण सरप्लसकडे वळले. मीही त्यातलाच.

आधी तक्रार सांगतो. डबा आला तेव्हा लेबलवरचा लॉट नंबर, म्हणजे दारूच्या घाण्याचा क्रमांक, पुसट झाला होता. शेवटचे दोन आकडे वाचताच येत नव्हते. विक्रेत्याला कळवलं, उत्तर यायला अकरा दिवस लागले. अकरा दिवस मी सील तोडलं नाही. कुणाला वाटेल, दोन आकड्यांसाठी एवढं काय? पण सरप्लस दारूत लॉट नंबर हीच सगळी ओळख असते. दुकानात बाटलीत मिळणारी दारू कारखानदार वेगवेगळे घाणे मिसळून अशी बनवतो की या वर्षीची आणि पाच वर्षांपूर्वीची सारख्याच वेगाने जळावी. म्हणून काडतुसं भरण्याच्या पुस्तकातले आकडे तिला लागू पडतात. लष्कराला जाणाऱ्या दारूवर तो सोपस्कार नसतो. तिथे प्रत्येक लॉटचा दाब तपासून वजन नव्याने ठरवतात. डब्ल्यूसी ८४६ ही दुकानातल्या बीएल-सी(२) या दारूची सख्खी बहीण मानतात, पण बहिणी झाल्या तरी स्वभाव वेगळे. पुस्तकातल्या सुरुवातीच्या आकड्यापासून, थोडं थोडं वाढवत, दर पायरीला पितळ निरखत वर जायचं. त्यामुळे मी किती ग्रेन (दारू तोलायचं बारीक वजन) घालतो ते इथे लिहिणार नाही. तो माझ्या लॉटचा आकडा आहे. तुमच्या डब्यात दुसरा लॉट असेल तर तोच आकडा रायफल फोडू शकतो.

अकराव्या दिवशी नंबर कळला आणि त्या शनिवारी डबा उघडला, तोही एकट्याने नाही. आमच्या कंपूत एक आजोबा आहेत. वय सत्तरीच्या पुढे. बाराबूच्या दक्षिणेला बॅजर आर्मी ॲम्युनिशन प्लँट होता, १९४२ साली उभारायला घेतलेला. दुसरं महायुद्ध, कोरिया, व्हिएतनाम, तिन्ही वेळी तिथे दारू बनली, ही गोल दाण्याची दारूसुद्धा. १९७५ मध्ये उत्पादन थांबलं. आजोबांनी शेवटची अडीच वर्षं तिथे काम केलं होतं. आता तिथे इमारती नाहीत, बराचसा माळ आहे, काही जमीन हो-चंक या मूळच्या लोकांकडे परत गेली आहे. तिथून गाडी नेली की आजोबा अजून हात करून कुठली इमारत कुठे होती ते दाखवतात.

त्यांनी झाकण काढलं, डबा नाकापासून वीतभर लांब धरला आणि हाताने वास नाकाकडे ओढला. धड दारूला नेलपॉलिश काढायच्या पाण्यासारखा, जरासा गोडसर वास येतो. बिघडलेलीला आंबूस, नाकात झोंबणारा वास येतो आणि वर तांबूस धूळ धरते. मग त्यांनी चमचाभर दारू पांढऱ्या कागदावर पसरली आणि खिडकीजवळ नेली. खसखशीहून बारीक दाणे, काळपट राखाडी, थोडे चपटे, वरून ग्रॅफाइटची चकाकी. तांबूस काही नाही. गठळी नाही. "चांगली आहे," म्हणाले. मला विक्रेत्याच्या कागदापेक्षा त्यांच्या नाकाचा आधार जास्त वाटला, हे खरंच सांगतो.

या दारूचा खरा गुण मापात कळतो. लांब काड्यांची दारू मापातून पडताना अडते, कटकट तुटते, दर वेळी काट्यावर थोडी कमी-जास्त भरते. ही पाण्यासारखी वाहते. मी दहा मापं ओतून दहाही तोलली. दहामध्ये जास्तीत जास्त फरक एक दशांश ग्रेनचा. एका पौंडात ७,००० ग्रेन असतात, म्हणजे हा फरक किती सूक्ष्म ते लक्षात येईल. तरीही दर पाचवं माप मी काट्यावर ठेवतोच. माझे मामा कुडाळजवळच्या गावात पिकाच्या रक्षणाच्या परवान्यावर ठासणीची बंदूक बाळगून होते. रानडुकरं भुईमूग उकरायची. मामा काळी दारू बांबूच्या नळकांड्याने मोजायचे आणि आम्हा पोरांना सांगायचे, "दारू मापान घाल, अदमासान नको." काळी दारू वेगळी, ही बिनधुराची वेगळी, एकीचं माप दुसरीला कधीच लावायचं नाही. पण काट्यासमोर बसलो की मला ते नळकांडं आठवतं.

अचूकतेबद्दल: १५० ग्रेनच्या गोळीने, १०० यार्डांवर, पाच गोळ्या सव्वा इंचात. हरणासाठी एवढं पुष्कळ झालं. दोष आहे तो थंडीचा. गोल दाण्याची दारू तापमानाला हळवी असते. जुलैत ३० अंशांत जो वेग मिळाला, तो नोव्हेंबरच्या पहाटे, शून्याखाली नऊ असताना, माझ्या क्रोनोग्राफवर, म्हणजे गोळीचा वेग मोजायच्या यंत्रावर, सेकंदाला साठ फुटांनी कमी भरला. आमच्या रानात ८०-९० यार्डांपलीकडे मारा करायची वेळ क्वचित येते, त्यामुळे मला अडलं नाही. मोकळ्या माळावर लांबून मारणाऱ्याने मात्र थंडीतच चाचणी घ्यावी. शिवाय या दारूचं वजन ठरवायचं काम उन्हाळ्यात झालं पाहिजे, कारण दाब वाढतो तो उष्णतेत.

पैशांचं गणित असं: डब्याला २१० डॉलर, धोकादायक मालाचं शुल्क आणि वाहतूक मिळून ४२. म्हणजे पौंडाला साडेएकतीस. दुकानातली बाटली मला पौंडाला ४५च्या खाली मिळत नव्हती. एका डब्यात हजारावर काडतुसं होतात. हंगामात चार-पाच गोळ्या उडवणाऱ्याला याचा काही उपयोग नाही, त्याने तयार काडतुसांचे दोन डबे घ्यावेत. नवख्यानेही घेऊ नये. ज्याच्याकडे पुस्तक आहे, वही आहे आणि प्रत्येक पायरीला थांबायची तयारी आहे, त्याने जरूर घ्यावी.

आता दारू मूळ डब्यातच राहिली पाहिजे, हा नियम मी पाळतो. बरणीत, दुसऱ्या बाटलीत काढून कुणाला द्यायची नाही. लेबल गेलं की ती दारू कसली हे उद्या कुणी सांगू शकणार नाही. चौघांनी मिळून पैसे घातले होते, म्हणून चौघांनी माझ्याच गॅरेजमध्ये बसून भरायचं ठरलं. प्रत्येकाच्या रायफलीसाठी वेगळं पान, वेगळं वजन. ऑक्टोबरचे चार शनिवार असे गेले. बाकावर एका वेळी एकच जण बसणार आणि त्याच्याशी कुणी बोलणार नाही. उरलेले तिघे गॅरेजच्या दुसऱ्या टोकाला. माझी बायको कांदेपोहे करायची, गाईंचा गोठा असलेला मित्र ताजं चीज आणायचा.

बोलणं बहुतेक हरणांचं. आमच्या भागात हरणांना सीडब्ल्यूडी हा मेंदूचा रोग आहे. विस्कॉन्सिनमध्ये तो २००२ साली पहिल्यांदा सापडला, इथून फार लांब नाही. मारलेल्या हरणाचं डोकं तपासणीला द्यायचं, निकाल येईपर्यंत मांस फ्रीजरमध्ये वेगळं ठेवायचं. त्याआधीच्या हंगामात गोठेवाल्याच्या पोराने आयुष्यातलं पहिलं हरण मारलं होतं, आठ टोकांच्या शिंगांचा नर. तीन आठवड्यांनी निकाल आला, रोग निघाला. सगळं मांस टाकावं लागलं. हे सांगताना तो बाप खाली मान घालून रिकामी पितळं ट्रेमध्ये उभी करत होता. आजोबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी पोराला पुढच्या शनिवारी बरोबर आणायला सांगितलं आणि खरंच आणलं तेव्हा काट्यासमोर आपल्या शेजारी बसवलं. पन्नास काडतुसं त्या पोराने भरली. प्रत्येक पितळात टॉर्च मारून दारूची पातळी बघायची, एकही रिकामी नको, एकातही दोनदा नको, हे त्याला दोनदा सांगावं लागलं नाही.

थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी हंगाम उघडला. त्याने दुसऱ्या दिवशी मादी मारली, त्या पन्नासातल्याच एका काडतुसाने. तपासणीत निर्दोष निघाली. त्या मांसाचे सॉसेज आम्ही चौघांच्या घरी वाटून खाल्ले.

डब्यात आता पौंडभर दारू उरली आहे. त्याच लॉटचा दुसरा डबा मिळतो का पाहिलं, संपला आहे. नव्या लॉटचा मागवला, तो या आठवड्यात आला आणि या वेळी लेबल स्वच्छ आहे. जुनी उरलेली यात मिसळायची नाही, तिची शेवटची काडतुसं आधी भरून होतील. वहीत नवं पान उघडून नंबर लिहून ठेवला आहे. शनिवारी सकाळी नऊला आजोबा येणार आहेत.