सॅम्पल फोटोंची डावी बाजू

गेल्या वर्षी दिवाळीच्या सुमारास मी सिग्माची १०-२० एमएम एफ/३.५ ही लेन्स सेकंडहँड घेतली, १७ हजारांना. ती डाव्या बाजूने आंधळी निघाली. उजवीकडे दगडाचा कणन्‌कण दिसतो, मधोमधही उत्तम, आणि डाव्या कडेला ओल्या चित्रावरून कुणी बोट फिरवावं तसा सगळा फराटा. विकणाऱ्याला हे पुरतं माहीत होतं. त्याने ते कसं लपवलं ते सविस्तर सांगते, कारण त्याच्या बहुतेक युक्त्या अल्ट्रावाइडवरच, म्हणजे खूप रुंद कोन घेणाऱ्या लेन्सवरच चालतात. 'जुनी लेन्स घेताना काय बघावं' या नेहमीच्या सल्ल्यांत त्या येत नाहीत.

माझ्याकडे निकॉन डी५३०० आणि सोबत आलेली १८-५५. आवड गड-किल्ल्यांची आणि जुन्या देवळांची. १८ एमएमला या कॅमेऱ्यावर साधारण ७६ अंशांचा कोन मिळतो. बाहेर उघड्यावर तो पुरतो. देवळाच्या मंडपात मात्र पाठ भिंतीला टेकली तरी समोरचे खांब मावत नाहीत, आणि मागे सरकायला जागा नसते. १० एमएमला हाच कोन १०९ अंशांच्या आसपास जातो. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्याचा आत वळलेला अख्खा बाक एका फ्रेममध्ये घ्यायचा तर एवढं रुंद लागतंच. तुकडे काढून जोडता येतात, पण कड्यावर ढग पळत असतात आणि जोडलेल्या फोटोत ते कुठेच जुळत नाहीत.

नवीन लेन्सचं बजेट नव्हतं. म्हणून जुन्या वस्तूंच्या अ‍ॅपवर शोध सुरू केला.

पहिला भेटला तो टोकिना ११-१६ वाला. जाहिरातीत 'डीएक्स टू' लिहिलेलं. निकॉन माउंटमध्ये, म्हणजे निकॉनच्या कॅमेऱ्यावर बसणाऱ्या प्रकारात, या लेन्सच्या पहिल्या आवृत्तीत फोकसची मोटर नाही. २०१२ साली आलेल्या दुसऱ्या आवृत्तीत आहे. डी७०००, डी७१००, डी७२०० या निकॉनच्या बॉडींमध्ये (लेन्स सोडून उरलेल्या कॅमेऱ्यात) स्वतःची मोटर असते, त्यामुळे तिथे दोन्ही आवृत्त्या चालतात. डी३००० आणि डी५००० मालिकेतल्या बॉडींत ती नसते. हा गृहस्थ डी७१०० गळ्यात घालूनच आला होता. त्यावर लेन्स लावून दाखवली, खर्र करत फोकस झाला. मी पिशवीतून माझी बॉडी काढली तशी त्याची चुळबुळ सुरू झाली. माझ्या बॉडीवर लेन्स हूं की चूं करेना. "ताई, तुमच्या कॅमेऱ्याचे पॉइंट खराब दिसतात, साफ करून घ्या." डबा दुसऱ्या आवृत्तीचा, आत लेन्स पहिली. मी उठले. तो तरी कच्चाच गडी होता.

दुसरा मुरलेला. बोलणं गोड, घाई अजिबात नाही, भाव थोडासाच कमी. संशय यावा इतकी स्वस्त वस्तू हे लोक लावत नाहीत, हे लक्षात ठेवा. "फुल फ्रेमवर चाललोय ताई, म्हणून काढतोय, नाहीतर ही लेन्स कोण देतं?" विकण्याचं कारणही पटण्यासारखं, कारण फुल फ्रेम कॅमेऱ्याचा सेन्सर मोठा आणि ही लेन्स छोट्या सेन्सरसाठीच बनवलेली आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर त्याने सॅम्पल फोटो पाठवले. सुंदर होते. हरिहरेश्वरचा समुद्र, राजमाचीवरचं धुकं, एका धरणाच्या काठची संध्याकाळ.

ते फोटो मी नंतर पुन्हा काढून बघितले, तेव्हा त्यातली करामत दिसली. प्रत्येक फोटोत डावा भाग मोकळा होता. कुठे समुद्र, कुठे धुकं, कुठे काळोखात गेलेला डोंगर. ज्याला बारीक तपशील म्हणतात तो सगळा मध्ये आणि उजवीकडे. फोटो मांडण्याची पद्धत म्हणून ते खपून जातं. उलट 'वा, मोकळी जागा छान सोडलीय' असंच कुणीही म्हणेल. त्यात व्हॉट्सअ‍ॅप फोटो दाबून लहान करतं आणि कोणत्या कॅमेऱ्यावर, कोणत्या लेन्सने, किती अ‍ॅपर्चरला (लेन्समधलं उजेड आत घेणारं छिद्र; एफचा आकडा मोठा तितकं ते लहान) काढला ही फोटोत साठवलेली माहितीही पुसून टाकतं. फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगितलं की दोन्ही टिकतं. मी मागितलं होतं. "मूळ फाइली जुन्या लॅपटॉपवर राहिल्या," असं उत्तर आलं.

भेट ठरली पनवेलला, स्टेशनजवळच्या एका हॉटेलात, संध्याकाळी साडेसातनंतर. वेळ त्यानेच निवडलेली. डबा, हुड, पाऊच, दोन्ही झाकणं, बिलाची झेरॉक्स असा सगळा सरंजाम टेबलावर. माझ्या कॅमेऱ्यावर लेन्स लगेच चालली, कारण सिग्माच्या या लेन्समध्ये मोटर आहे. फोकस झटपट आणि आवाज न करता. त्याने कॅमेरा मागून घेतला, २० एमएमवर नेला, एफ/८ ठेवलं आणि समोरच्या भिंतीवरच्या मेनूच्या पाटीचा फोटो काढून स्क्रीनवर मोठा करून दाखवला. अक्षरं धारदार! आता बघा, इथे त्याने तीन गोष्टी एकदम साधल्या. झूमचं लांब टोक घेतलं, अ‍ॅपर्चर आवळलं आणि पाटी बरोबर मधोमध ठेवली. मध्यभाग जवळजवळ कुठल्याही लेन्सचा चांगला येतो. अल्ट्रावाइडचे पैसे आपण मोजतो ते कडांसाठी, आणि कडांची परीक्षा होते ती १० एमएमला, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं ठेवून.

मग टॉर्च. मोबाइलचा टॉर्च लावून लेन्स आरपार दाखवणं हा या व्यवहारातला ठरलेला विधी आहे. त्याने तोही मनोभावे केला. "बघा, फंगस नाही, धूळ नाही." पण निकॉन माउंटच्या ज्या लेन्सला अ‍ॅपर्चरची रिंग नसते, ती कॅमेऱ्यावरून काढली की तिची पाती मिटलेली राहतात. तेव्हा आरपार दिसतं ते मधलं बारीकसं छिद्र. काचेचा बाकीचा सगळा भाग पात्यांच्या आड. मागच्या बाजूला धातूची एक छोटी दांडी असते, ती बोटाने हळूच सरकवून धरली की पाती उघडतात आणि मग काच कडेपर्यंत दिसते. ती दांडी त्याने सरकवली नाही, आणि उजेड असा की मला पाती मिटली आहेत की उघडी हेही धड दिसत नव्हतं. पैसे यूपीआयने गेले.

घरी १० एमएमवर गॅलरीतून फोटो काढले तेव्हा डावीकडे काहीतरी कमी वाटलं. त्याला फोन केला तर म्हणाला, "ताई, अल्ट्रावाइडला कडेला असं होतंच, नेटवर वाचा." हे अर्धसत्य होतं. अल्ट्रावाइडला कडेच्या वस्तू ताणल्या जातात, कडेला उभ्या माणसाचं डोकं लांबोडकं होतं. तो दोष नाही, रुंद कोन सपाट फ्रेमवर पसरवण्याचा तो परिणाम आहे. अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं असताना चारही कोपरे थोडे मऊ पडणं हेही समजण्यासारखं. मात्र ताणलेलं वेगळं आणि पुसट वेगळं. शिवाय जो मऊपणा एकाच बाजूला येतो आणि एफ/११ ला आणूनही जात नाही, त्याचं समर्थन नेटवर कुठेही मिळणार नाही.

पक्कं कळलं ते खिद्रापूरला. शिरोळ तालुक्यात कृष्णेच्या काठी शिलाहारकालीन कोपेश्वराचं देऊळ आहे. त्याच्या स्वर्गमंडपाला छताच्या मध्यावर गोल मोकळीक ठेवलेली आहे, खाली तेवढ्याच आकाराची गोल शिळा. लोक तिथे उताणे पडून आकाशाचा गोल, भोवतीचे खांब आणि छतावरचं कोरीवकाम एका फ्रेममध्ये घेतात. १० एमएमसाठीच बांधलंय म्हणावं अशी जागा. मीही तसाच फोटो घेतला आणि लॅपटॉपवर उघडला. बांधणी चहूबाजूंनी सारखी, त्यामुळे लपायला जागाच नाही. उजवीकडच्या खांबांवरचं काम मोजून घ्यावं इतकं स्पष्ट, डावीकडे त्याच उंचीवरचे खांब विरघळलेले. हात हलला असता तर सगळी फ्रेम हलली असती. फोकस चुकला असता तर दोन्हीकडे सारखंच बिघडलं असतं.

परत आल्यावर सोसायटीच्या टाइल्स लावलेल्या भिंतीसमोर ट्रायपॉड मांडला. ही चाचणी कुणालाही जमेल अशी आहे. कॅमेरा भिंतीला समांतर, १० एमएम, फोकस लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे मागच्या स्क्रीनवर बघून, मधोमध. एफ/३.५, ५.६, ८ आणि ११ ला एकेक फोटो. मग कॅमेरा उलटा करून, म्हणजे डोकं खाली घालून, तेच पुन्हा. आपण भिंतीला तिरके उभे असू तर पुसट बाजू फ्रेममध्ये पालटते. माझ्या फोटोंत ती दोन्ही वेळा फ्रेमच्या डावीकडेच राहिली. शेवटी फोकस मुद्दाम डाव्या कडेवर लावला. डावी बाजू बऱ्यापैकी सुधारली आणि उजवी गेली. आतली एखादी काच तिरकी बसली की असंच होतं.

मुंबईत बोरा बाजारात लेन्स दुरुस्त करणाऱ्या एका काकांकडे ती नेली. त्यांनी दांडी सरकवून, टॉर्च तिरका धरून मिनिटभरात निदान सांगितलं. मागच्या रिंगच्या स्क्रूंची डोकी झिजलेली, म्हणजे लेन्स उघडलेली आहे. आतल्या एका काचेवर कडेला कोळ्याच्या जाळ्यासारखे फिकट ठसे. फंगस पुसली तरी तिच्या आम्लाने कोटिंगवर पडलेला डाग जात नाही. "कुणीतरी घरी उघडून पुसलीय आणि जोडताना काच नीट बसवली नाही," असं ते म्हणाले. आपल्याकडे पावसाळ्यात हवेतला ओलावा महिनोन्‌महिने ६५ टक्क्यांच्या वर असतो, बॅगेत पडून राहिलेल्या लेन्सला फंगस धरते, त्यात नवल काही नाही. फंगस आली हे सांगून कमी भावात विकली असती तर माझी तक्रारही नव्हती. लेन्स मुळात चांगलीच आहे, उजवी बाजू साक्षीला आहे. काच पुन्हा मध्यावर आणायला जो खर्च त्यांनी सांगितला तो ऐकून मी ती परत पिशवीत घातली.

बिलाचंही बघा. झेरॉक्सवर सीरियल नंबरच्या जागी काळा धब्बा. डब्यावरचा नंबर आणि लेन्सवरचा नंबर वेगळे. भेटीच्या आधी लेन्सवरच्या नंबरचा फोटो मागवायचा आणि समोर बसल्यावर डबा, लेन्स, बिल तिन्ही ताडून बघायचं. नंबर खरवडलेला असेल तर चहासुद्धा घेऊ नये, माल चोरीचा असू शकतो.

विकणाऱ्याने आधी "सेकंडहँड मालाला रिटर्न नसतं" म्हटलं, मग नंबर ब्लॉक केला. ग्राहक आयोगाचा (पूर्वीच्या ग्राहक मंचाचा) रस्ता माझ्यासाठी बंदच होता, कारण तो कायदा व्यापारी आणि ग्राहक यांच्यातल्या व्यवहाराचा आहे. एका माणसाने आपली वापरलेली वस्तू दुसऱ्याला विकली तर तो लागू होत नाही. पोलीस ठाण्यात अर्ज दिला. फसवणुकीचं जुनं ४२० कलम आता भारतीय न्याय संहितेत ३१८ मध्ये आलंय, एवढं ज्ञान मिळालं. अर्जाची पोच माझ्याकडे आहे, पुढे काही हललेलं नाही. ऑनलाइन पैसे भरून वस्तूच आली नाही अशी फसवणूक असेल तर मात्र लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. तिथे जितक्या लवकर कळवाल तितकी पैसे वाटेत अडवले जाण्याची शक्यता जास्त.

याच काळात माझ्या भाच्यालाही एक झटका बसला, तो वेगळ्या जातीचा. त्याने ऑनलाइन '५२ एमएम ०.४५ एक्स प्रोफेशनल वाइड अँगल लेन्स' मागवली, आठशे-नऊशे रुपयांत. ही लेन्स नसतेच. आपल्या लेन्सच्या पुढच्या आट्यांवर फिरवून बसवायची ती एक काच असते, आणि ५२ हा त्या आट्यांचा व्यास. जाहिरातीत मात्र तो आकडा असा छापतात की नवख्याला तो फोकल लेंथ, म्हणजे १० किंवा १८ एमएमसारखा लेन्सचा आकडा वाटावा. कोन रुंद होतो हे खरं, पण मध्यभाग सोडला तर सगळं चित्र पाझरतं. मंडपाच्या खांबांसाठी ते निरुपयोगी आहे.

परवा तोच विकणारा अ‍ॅपवर पुन्हा दिसला. नाव नवीन, लेन्स दुसरी, निकॉनची १०-२४. सॅम्पल फोटो तेच, हरिहरेश्वर आणि राजमाची धरून. मी तक्रार केली, जाहिरात उतरली आणि आठवड्याच्या आत तिसऱ्या नावाने परत चढली. समुद्र आणि धुक्याचे असे फोटो पाठवणारा कुणी भेटला तर त्याच्याकडे टाइल्सच्या किंवा विटांच्या भिंतीचा एक फोटो मागा, १० एमएमला, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं ठेवून काढलेला, आणि तो डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा.