लिथियम चालू असताना मशरूमच्या कॅप्सूल दिल्या. ३४,४०० रुपये गेले, जीव थोडक्यात वाचला

चार महिने ओळखीत कुणाला सांगितलं नव्हतं. बायको आणि मेहुणा, दोघांनाच माहीत. परवा भास घडवणाऱ्या मशरूमच्या कॅप्सूल देऊन शिबिरं घेणाऱ्या त्याच माणसाच्या नव्या बॅचचा मेसेज फिरत फिरत माझ्याच मोबाईलवर आला आणि डोकं सटकलं.

मला बायपोलर आहे, म्हणजे मन कधी बेफाम उसळतं, कधी पार खचतं. त्यावर सहा वर्षं लिथियमची गोळी चालू, रोज ९०० मिलिग्रॅम. मी उद्यमनगरात लेथवर काम करतो. लिथियमनं हाताला कंप सुटतो, मायक्रोमीटर धरला की समोरचं गिऱ्हाईक हाताकडंच बघतं. सहा वर्षं हे सोसलेल्या माणसाला कुणी ‘गोळ्या कायमच्या सुटतील’ म्हटलं तर तो जाणारच. परदेशात डिप्रेशनसाठी मशरूमवर संशोधन चाललंय हे खरंच आहे. पण त्या चाचण्यांत बायपोलरच्या पेशंटला बहुतेक वेळा घेतच नाहीत, हे मला कोण सांगणार होतं?

नोंदणी २,१००, पन्हाळ्याजवळच्या फार्महाऊसवरचं शिबिर २४,५००, कॅप्सूल ७,८००. तिन्ही पैसे यूपीआयनं, तिन्ही वेळा नाव वेगळं. एवढ्यावरून तरी उठायला हवं होतं.

पण मला रात्री झोपेतून उठवतो तो रंकाळ्यावरचा प्रसंग. चहा घेताना मी गोळ्यांची स्ट्रिप त्याच्यापुढं ठेवली. त्यानं ती उलटीसुलटी केली, नाव अक्षर अक्षर लावत वाचलं आणि म्हणाला, ‘लिथियम म्हणजे बॅटरीतलंच की! आदल्या दिवशी बंद करा. नैसर्गिक वस्तू आहे, गोळ्यांशी काही संबंध येत नाही.’ ज्याला नाव वाचता येत नाही तो मला गोळी बंद करायला सांगतोय, आणि मी मान हलवली. चहाचे पैसेही मीच दिले.

कॅप्सूल घेतल्यावर तासाभरात मला फिट आली. मला काहीच आठवत नाही. मेहुण्यानं गाडीत घातलं तेव्हा जीभ चावून शर्टावर रक्त होतं. त्यांच्यातला एकही माणूस सोबत आला नाही.

डॉक्टर मॅडमनी नंतर सांगितलं, लिथियमवर मशरूम किंवा एलएसडी (तसाच भास घडवणारा अमली पदार्थ) घेतल्यावर फिट आल्याच्या नोंदी आहेत. एक दिवस गोळी चुकवून लिथियम रक्तातून जात नाही. आणि ते एकदम बंद केलं तर मेनिया, म्हणजे मनाची ती बेफाम अवस्था, उसळतो. म्हणजे दोन्हीकडून मेलोच होतो.

शिबिरात माझ्या शेजारी इचलकरंजीच्या एक ताई होत्या, डिप्रेशनची फ्लुओक्सेटिन गोळी चालू असलेल्या. त्यांना काहीच जाणवलं नाही, तर ‘तुमचं शरीर बंद आहे’ म्हणून आणखी दोन कॅप्सूल ३,२०० ला विकल्या. ती गोळीच मशरूमचा असर दाबते, हो! पुढच्या वेळी आयाहुआस्काचा, म्हणजे दक्षिण अमेरिकेतल्या भास घडवणाऱ्या वनस्पतींचा, काढा देणार होते. मेंदूतलं सेरोटोनिन हे रसायन मोडणारं एमएओ नावाचं एन्झाइम शरीरात असतं, ते रोखणारं द्रव्य त्यातल्या वेलीत असतं. डिप्रेशनच्या गोळीवर ते पडलं तर सेरोटोनिन बेसुमार वाढतं, ताप चढतो, अंग ताठरतं, माणूस जाऊ शकतो. फ्लुओक्सेटिन तर बंद केल्यावरही पाच-पाच आठवडे अंगात राहतं. ताई, हे वाचत असाल तर जाऊ नका.

पोलिसांत गेलो. साहेबांचा पहिला प्रश्न, ‘घेतलं कुणी? तुम्हीच ना?’ मशरूममधलं सायलोसायबिन १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यात येतं, मग तुमच्यावरच केस होईल, विचार करा म्हणाले. बँकेत गेलो, ‘पिन तुम्हीच टाकलाय.’ सायबर हेल्पलाइनला फोन केला तर स्वखुशीनं दिलेले पैसे म्हणे फसवणुकीत बसत नाहीत. औषधांच्या कार्यालयात उरलेल्या दोन कॅप्सूल नेल्या. लेबल नाही, बिल नाही, कशाची तक्रार लिहायची, असं मलाच विचारलं. तीन चकरा मारल्या, तीन दिवसांचा रोज बुडाला. मला वेडा ठरवणं सगळ्यांना सोपं, त्या माणसाच्या दारात एकजण गेला नाही!

गोळ्यांचा त्रास होत असेल तर आपल्या डॉक्टरांशी भांडा. माझा डोस मी बोलल्यावर कमी झाला, कंपही कमी आहे, सहा वर्षं मी तोंडच उघडलं नव्हतं. डॉक्टर दूर असतील तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ फुकट आहे. आणि असं काही घेऊन कुणाला फिट आली किंवा ताप चढला, तर दवाखान्यात काय घेतलं ते खरं सांगा. मेहुण्यानं लाजेपोटी अर्धा तास सांगितलं नव्हतं.

नव्या मेसेजवर फार्महाऊसचा तोच फोटो आहे, फक्त मोबाईल नंबर बदललाय. फी आता २८,००० केलीय.