अंगावरचं की वरचं? एचआयव्ही असलेल्या आईचा पेच

सातव्या महिन्यातली एक ताई विचारत होती, "अंगावर पाजू की पावडरच्या दुधाचा डबा आणू?"

आधी धोका. उपचारच नसतील तर गरोदरपण, बाळंतपण आणि स्तनपान मिळून १५ ते ४५ टक्के बाळांना लागण होते. डब्याच्या दुधातून विषाणू जात नाही. अंगावरच्या दुधातून जाऊ शकतो. पण एआरटीच्या, म्हणजे एचआयव्हीला दाबून ठेवणाऱ्या, गोळ्या न चुकता चालू आणि व्हायरल लोड (रक्तातलं विषाणूंचं प्रमाण) दबलेला असेल तर धोका फार कमी उरतो, शून्य नाही. डब्याची भीती वेगळी: पाणी खराब असलं की जुलाब, आणि तान्ह्याला ते जिवावर बेततात.

खर्च? गोळ्या सरकारी एआरटी केंद्रात फुकट. डबा जेमतेम आठवडा पुरतो. शिवाय रात्री दोनला उठून पाणी उकळा, वाटी-चमचा उकळा; वर सासूबाईंचं "पाजत का नाहीस गं?"

पहिले सहा महिने दोन्ही मिसळणं सगळ्यात वाईट. घुटीसुद्धा नको.

गोळ्या नियमित असतील तर सहा महिने निव्वळ अंगावरचं. व्हायरल लोड चढा असेल, शुद्ध पाणी आणि पैसा खात्रीचा असेल, तर डॉक्टरांशी बोलून डबा. बाळाला लागण टाळायला नेव्हिरॅपिनचं औषध आणि सहाव्या आठवड्यात त्याची एचआयव्ही तपासणी दोन्हीकडे आहेच.